सहावं कूपन

मला फक्त गरम पाण्यात बसायचं होतं. डोंगर बघायचे नव्हते, फोटो काढायचे नव्हते, वाफेत उभं राहून सारखा चष्मा पुसायचा नव्हता. गळ्यापर्यंत गरम पाणी हवं होतं, आणि ते पाणी मी तापवलेलं नसावं, एवढीच अट. आता यात अवघड काय आहे, तुम्हीच सांगा.

सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. अकरा वर्षं रोज सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी तापवायचं, बादलीत ओतायचं, बादली मागच्या खोलीपर्यंत न्यायची, कोपर बुडवून बघायचं, गार मिसळायचं, परत बघायचं, मग त्यांना उठवून बसवायचं. त्यांचं झालं की यांची ड्यूटी, म्हणजे यांचं पाणी. माझ्या वाट्याला तळाला उरलेलं कोमट. तेसुद्धा कुणी हाक मारायच्या आत अंगावर ओतून घेतलं की झाली माझी आंघोळ. त्या बादलीनं उजवा खांदा असा धरलाय की केस विंचरताना हात कानाच्या वर जात नाही. सात महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या. तेव्हापासून मी यांच्या मागे लागले होते, की मला एकदा त्या गरम पाण्याच्या गावाला न्या. तिथे म्हणे जमिनीतूनच उकळतं पाणी येतं, कुणाला तापवावं लागत नाही.

यांनी नेलं. नेलं नाही असं मी म्हणणार नाही. पण कसं नेलं ते ऐका.

आमचे हे बत्तीस वर्षं बसचे कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, म्हणजे कागदावर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ माझ्या घरात नांदतो. खोलीतून बाहेर पडताना दाराशी थांबून मागे कुणी राहिलं नाही ना ते बघतात. लिफ्टमध्ये शिरलं की सगळ्यांना आत सरकवतात. आणि नियम म्हणजे यांचा जीव की प्राण. बत्तीस वर्षांत एकाही माणसाला फुकट नेलं नाही, हा यांचा अभिमान. सख्ख्या मेहुण्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, पासाची तारीख उलटली म्हणून भर दुपारी मधल्याच थांब्यावर उतरवलं होतं. भाऊ तो किस्सा अजून हसत हसत सांगतो, पण यांच्या शेजारी बसत नाही.

सकाळी साडेनऊला आम्ही त्या गावात उतरलो. आधी वास आला, नासक्या अंड्यांचा. मग दिसलं की रस्त्याकडेच्या गटारांतून वाफ निघतेय, घरांच्या मागून पत्रा गुंडाळलेले जाड पाइप गेलेत, आणि एका दुकानाच्या पायरीखालूनसुद्धा धूर यावा तशी वाफ येतेय. माझा जीव हरखला. इतकं गरम पाणी, गटारात वाहून चाललंय!

स्टँडवरच पर्यटकांसाठी खिडकी होती. सहा ठिकाणांचं मिळून एकच तिकीट. खिडकीतल्या बाईंनी दोन लांब पट्ट्या दिल्या. प्रत्येक पट्टीवर सहा कूपनं: चिखलाची कुंडं, संग्रहालय, उसळता फवारा, वाफेची गुहा, टेकडी आणि सहावं स्नानगृह. बायकांची वेळ सकाळी दहा ते बारा आणि दुपारी तीन ते पाच. पुरुषांचं कुंड वेगळं. साडेचारनंतर आत सोडत नाहीत.

"अहो, आधी आंघोळीला जाऊ," मी म्हटलं. "मग दिवसभर तुम्ही म्हणाल तिथे येते, तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"नंबर बघ की. सहावा आहे."

"मग?"

"मग शेवटचा स्टॉप. क्रमानं जायचं. तीनला बरोब्बर पोचवतो तुला, साडेपाचला परतीची बस. सगळं बसवलंय मी."

हे बोलता बोलता यांचा अंगठा जिभेला लागला आणि टर्र, टर्र, टर्र, चालता चालता बाराही कूपनं सुटी झाली. नंबरवार लावून दोन गड्ड्या केल्या, खिशातून रबर काढून गुंडाळलं. मी बघत होते. मला काही वावगं वाटलं नाही, बत्तीस वर्षं मी तो अंगठा तसाच चालताना बघितलाय. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत काहीतरी छापलं होतं. ते ना यांनी वाचलं, ना मी.

चिखलाची कुंडं म्हणजे कठड्याच्या पलीकडे राखाडी चिखल रटरटत होता, कुणी गॅस मोठा ठेवून विसरून गेल्यासारखा. पाच मिनिटांत बघून होतं. आम्ही पाऊण तास बघितलं, कारण तिथे चौदा पाट्या होत्या आणि यांनी चौदाही मोठ्यानं वाचल्या. संग्रहालयात तर विचारू नका. पाइपांचे नमुने, दगडांचे नमुने, जुन्या पंपांचे फोटो. मी एका बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजताना बघितले. सकाळची बायकांची वेळ संपली.

उसळत्या फवाऱ्याशी खडूनं लिहिलं होतं, "पुढचा फवारा १२.४०". रखवालदारानं कूपनं घेतली आणि उलटीसुलटी करून बघितली.

"ही सुटी कशी?"

"सोयीसाठी," हे म्हणाले.

त्यानं खांदे उडवले, पंच करून परत दिली आणि आत सोडलं. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. बारा चाळीस झाले, एक झाला, सव्वा झाला. समोर एक ओलं भोक आणि त्यातून जराशी वाफ, बस. यांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी गेलेच त्या रखवालदाराकडे.

"उशिराचं कारण कुठे लिहिता तुम्ही?"

"काका, निसर्ग आहे तो."

"मग वेळ कशाला लिहिता फळ्यावर? माणसं खोळंबतात."

रखवालदार हसला. पण खरं सांगते, दिवसभरात मला यांचं तेवढं एकच बोलणं पटलं. पावणेदोनला कधीतरी तो फवारा उडाला. दीड मिनिट उडाला, वाऱ्यानं आमच्यावर आला आणि आम्ही दोघं नासक्या अंड्यांच्या वासानं न्हाऊन निघालो. यांनी खिशातली डायरी काढून लिहिलं, पासष्ट मिनिटं लेट. कुणाला दाखवायचं होतं देव जाणे.

"अहो, गुहा आणि टेकडी सोडून देऊ," मी म्हटलं. आता माझा आवाज चढला होता. "दोन वाजत आले, तीनला पोचायचंय."

"कूपनं आहेत ना पण."

"असू देत. तुम्हाला कुणी जाब विचारणार आहे का?"

हे म्हणाले, "वापरायचं राहिलेलं तिकीट मला बघवत नाही गं."

आता अशा माणसापुढे डोकं फोडून काय होणार? गुहेत गेलो. एका वेळी दहाच जणांना सोडत होते, आम्ही तिसऱ्या दहात होतो. आत मला माझा स्वतःचा हात दिसत नव्हता, तर प्रेक्षणीय काय दिसणार! बाहेर आल्यावर टेकडीवर नेणारी लहान गाडी उभी होती. गाडीत सात-आठ जागा रिकाम्या. मी मागे जाऊन बसले. हे बसले नाहीत. दारातला दांडा धरून उभे राहिले आणि चढणाऱ्या लोकांना म्हणू लागले, "चला, पुढे सरका, आत जागा आहे, दारात गर्दी नको." आणि लोक ऐकत होते! एका बाईनं तर यांच्यापुढे कूपन धरलं. सगळे बसल्यावर यांनी पत्र्यावर दोनदा हात मारला आणि ड्रायव्हरनं खरोखर गाडी सोडली. मी चेहरा ओढणीत लपवला.

वरून सगळं गाव दिसतं. जागोजागी वाफेचे झुबके, आणि मधोमध स्नानगृहाचं निळं छप्पर. सगळे "वा, वा" करत होते. मी त्या छपराकडे बघत मिनिटं मोजत होते. तीन चाळीसला ड्रायव्हर परत निघाला, तर हे आडवे. आमच्याबरोबर वर आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यातले आजोबा अजून दुर्बिणीला डोळा लावून होते.

"माणसं मागे टाकून गाडी सुटत नसते," हे ड्रायव्हरला म्हणाले.

"काका, वीस मिनिटांनी दुसरी गाडी आहे की."

"असेल. पण ते या गाडीनं आलेत."

आजोबांचं सावकाश बघून झालं. आजींचंही झालं. आम्ही चार वाजून पाच मिनिटांनी निघालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुःखाचं नव्हे, निव्वळ संतापाचं. यांना जगातल्या प्रत्येक उतारूची काळजी, फक्त घरच्या उतारूला हे कधी विचारणार नाहीत की बाई, तुला कुठे जायचंय.

स्नानगृहाच्या खिडकीशी पोचलो तेव्हा चार वीस झाले होते. पुढे दोनच माणसं. हुश्श केलं. मग यांनी रबर सोडलं आणि सहाव्या नंबरची दोन कूपनं ऐटीत पुढे केली. खिडकीतल्या मुलीनं ती हातातसुद्धा घेतली नाहीत.

"सुटं कूपन चालत नाही. मागे लिहिलंय."

यांनी कूपन उलटं केलं. चष्मा वर सरकवून वाचलं. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचलं. "पट्टी सलग असावी. वेगळे केलेले कूपन रद्द समजावे." यांचा चेहरा असा उतरला की एरवी मला कीव आली असती.

"अहो, सांगा ना तिला," मी म्हटलं. "आम्हीच फाडलीत म्हणावं, चुकून. सगळी आहेत इथे, नंबर जुळवून बघ म्हणावं."

यांनी कूपन परत सुलटं केलं.

"बोला ना!"

"बरोबर आहे तिचं," हे म्हणाले.

"काय?"

"सुटं तिकीट कुणाचंही असू शकतं. खाली पडलेलं, उचललेलं. मीसुद्धा घेतलं नसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे रांग होती, लोक ऐकत होते, मला कशाचीच शुद्ध राहिली नाही.

"तुम्ही खिडकीच्या आतले आहात की बाहेरचे?" मी ओरडले. "बायको इथे उभी आहे तुमची! अकरा वर्षं मी तुमच्या आईला पाणी दिलं. एक दिवस चुकवलं नाही. तेव्हा बादली मीच उचलायची, हा नियम कुठे छापला होता? दाखवा ना मला! मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होता का?"

हे वाक्य मी अकरा वर्षांत कधी बोलले नव्हते. सासूबाई असताना तर नाहीच, त्या गेल्यावरही नाही. खिडकीतली मुलगी टेबलाकडे बघायला लागली. यांचे कान लाल झाले. त्यांनी पाकीट काढलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बायकांचं एक द्या." नवं तिकीट माझ्या हातात ठेवलं. अख्खं, न फाडता. चार सत्तावीस झाले होते. मी वळून बघितलंसुद्धा नाही.

आत एका बाईनं मला जाड सुती झगा दिला, कपडे ठेवायला फळी दाखवली. पुढच्या दारातून गेले आणि समोर कुंड. चौकोनी, शहाबादी फरशीचं, वर वाफ तरंगतेय, सात-आठ बायका हनुवटीपर्यंत पाण्यात. कुणी बोलत नव्हतं. एका बाजूनं पायऱ्या उतरत होत्या, कडेला लोखंडी दांडा. मी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि काय सांगू, ते गरम तळव्यातून थेट हाडात शिरलं. दुसरी पायरी, घोट्याच्या वर. तिसरी, गुडघ्यापर्यंत. आणखी चार पायऱ्या उतरले की खांदा पाण्याखाली जाणार होता. मी डोळे मिटले.

मिटलेलेच ठेवले असते तर बरं झालं असतं.

उघडले तर वर काठाशी एक म्हातारी. एका हातानं दांडा धरलेला, एक पाय पहिल्या पायरीवर अधांतरी, ना खाली येतोय ना मागे जातोय. तिच्याबरोबरची बाई, सूनच असणार, विसरलेला टॉवेल आणायला मागे पळाली होती. म्हातारी कुणाला हाक मारत नव्हती. तो पाय मात्र थरथरत होता.

मी हात दिला नाही. तो गेला. एक तळवा तिच्या काखेखाली, दुसरा पाठीला, माझा गुडघा तिच्या गुडघ्यामागे, अगदी रोज करत असल्यासारखं. करतच होते की रोज! तिनं माझा दंड घट्ट धरला. "हळू हळू, घाई नाही," मी म्हटलं. घाई माझ्याशिवाय कुणाला होती? तिला दोन पायऱ्या उतरवून पाण्यातच बसवली. खाली नको म्हणाली, छातीत धडधडतं. मग मी तिच्यामागे कोरड्या काठावर बसून ओंजळीनं तिच्या पाठीवर पाणी सोडायला लागले. आणि देवाशपथ सांगते, त्याआधी मी कोपर बुडवून पाणी बघितलं.

तेवढ्यात सून आली. टॉवेल घेऊन धावतच आली, आमच्याकडे बघितलं आणि थांबली. सासूकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. मी म्हणणारच होते, की ये बाई, सांभाळ तुझं माणूस. पण त्याआधी तिनं टॉवेल कठड्यावर ठेवला, पलीकडच्या बाजूनं पाण्यात उतरली आणि लांबच्या कोपऱ्यात जाऊन गळ्यापर्यंत बसली. डोकं मागे टेकवलं. तिचं तोंड जरासं उघडं राहिलं. तिचे खांदे खाली आलेले मला इतक्या लांबून दिसले.

तिला हाक मारायला माझ्या तोंडात शब्द आला होता. तो मी गिळला. दुसऱ्या कुणी तिला तिथून उठवलं असतं, मला जमण्यासारखं नव्हतं.

"माझी सून गुणाची आहे," म्हातारी म्हणाली. "पण मेलीला दम म्हणून नसतो."

"नसतोच," मी म्हटलं.

पाचला घंटा झाली. सून आली, गाल लालबुंद, डोळे जडावलेले. "तुम्ही होता म्हणून आज..." एवढंच म्हणाली आणि सासूच्या काखेत हात घातला. दोघींनी मिळून म्हातारीला वर घेतलं. मी कपडे केले. गुडघ्यापर्यंत पाय गरम होते, वरचं सगळं अंग कोरडं ठणठणीत. खांदा ठणकत होता, म्हातारीचं वजन पडलं होतं त्याच्यावर. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच. आता राग कुणावर काढायचा? कूपनं यांनी फाडली होती, कबूल. पण आत तर मी एकटीच गेले होते.

बाहेर हे पिशव्या घेऊन दाराशी उभे. मनगट डोळ्यांपुढे धरलेलं.

"बसला पंचवीस मिनिटं आहेत. आरामात पोचू. कसं होतं?"

"गुडघ्यापर्यंत होतं."

"म्हणजे? एवढंच पाणी?"

मी सगळं सांगितलं. रस्त्यात उभी राहून, मध्ये न थांबता. हे ऐकत होते. नेहमीसारखं मध्ये बोलले नाहीत, घड्याळाकडेही बघितलं नाही.

"दंड धरला का तिनं?" यांनी विचारलं.

"घट्ट."

"आई पण तसाच धरायची," हे म्हणाले. मग पिशवी दुसऱ्या हातात घेत, "माझा कधी धरला नाही तिनं. मीही पुढे झालो नाही म्हणा."

मी समोरच्या बाकावर बसले. "मी त्या बसनं येणार नाही. उद्या सकाळी दहाला बायकांची वेळ आहे."

"अगं, रिझर्वेशन आहे. आणि घरी..."

तिथे हे अडकले. अकरा वर्षं आमच्या घरात हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणायचं. लग्नाला गेलो तरी जेवण होताच उठायचं, कारण घरी आई. भावाकडे गेले तरी संध्याकाळच्या आत परत, कारण घरी आई. यांचं तोंड उघडं होतं आणि पुढचा शब्द येत नव्हता. मलाही तेव्हाच लक्षात आलं, दिवसभर मीसुद्धा ती साडेपाचची बस डोक्यावर घेऊन धावत होते. घरी आमची वाट बघणारं कुणी नव्हतं. सात महिने झाले, कुणी नव्हतं.

हे माझ्या शेजारी बसले. पिशव्या दोघांच्या मध्ये ठेवल्या, मग उचलून पलीकडे ठेवल्या. समोरच्या गटारातून वाफ येत होती. कोपऱ्यावरून साडेपाचची बस वळली, आमच्या पुढून गेली. यांनी तिच्याकडे बघितलं, पण उठले नाहीत.

"उद्या दहाला," मी म्हटलं. "आणि नीट ऐकून ठेवा. उद्या आत कुणी घसरून पडलं तरी मी जागची उठणार नाही."

"उठशील," हे म्हणाले.

चिडवायला म्हणाले असते तर मी त्यांना सोडलं नसतं. पण ते अगदी हळू म्हणाले, मान खाली घालून. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना उलटून बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.